वरीलप्रमाणे लिहू नये

विद्यापीठाकडून येणारे निरोप रत्नमाला कठाळे कधी नीट वाचत नसे. कुलगुरूंच्या शुभेच्छा, आवारात रानडुकरं फिरत असल्याची सूचना, कुठल्याशा परिसंवादाचं निमंत्रण, आणि दर महिन्याला न चुकता एक: आपल्या खात्यात जागा कमी उरली आहे. जागा घरात तरी कुठे होती? माळ्यावर रिकाम्या बरण्यांची फौज, पलंगाखाली ऋतुजाची शाळेची दप्तरं, आणि ऋतुजा तर आता चौतीस वर्षांची होऊन नागपूरला स्वतःचा संसार थाटून बसलेली. जागा कमी असणं हा काही आजार नव्हे, असं रत्नमालाचं मत होतं.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या सोमवारी आलेला निरोप मात्र तिने तीनदा वाचला. मग गॅस बंद केला आणि चौथ्यांदा वाचला.

एक मार्चपासून निवृत्त कर्मचाऱ्यांच्या खात्याची मर्यादा साठ जीबी. आपला सध्याचा वापर अठ्ठ्याण्णव. मर्यादेबाहेर गेलेल्या खात्यात त्यानंतर नवीन काहीही साठवलं जाणार नाही. सहकार्याबद्दल आभार.

बाकीच्या निवृत्तांच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की नवी पत्रं यायची थांबतील, नातवाचा फोटो चढणार नाही. तिच्या नवऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ असा होता, की एक मार्चचा दिवस त्यांना दोन मार्चला आठवणार नाही. आणि त्यानंतरचा कुठलाच नाही.

सहा वर्षांपूर्वी मुरलीधररावांना मेंदूज्वर झाला होता. ताप आठ दिवसांत उतरला, पण जाताना घर धुऊन घेऊन गेला. आठवण म्हणजे मेंदूत एका जागी ठेवलेली वस्तू नसते. आंब्याच्या अढीचा वास एका कप्प्यात असतो, अढी घालणाऱ्या आईचा आवाज दुसऱ्यात, त्या दिवशी कौलातून आलेली उन्हाची तिरीप तिसऱ्यात. कानाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, करंगळीएवढा एक वळलेला भाग असतो. जुन्या ग्रंथालयात कार्डांचा खण असायचा ना, तसा. कुठला तुकडा कुठल्या कप्प्यात आणि कुणाच्या जोडीला, एवढंच त्याच्याकडे लिहिलेलं. मुरलीधररावांचे हे दोन्ही खण जळाले. पुस्तकं सगळी फडताळात शाबूत, पण मागितलं तर काढून देणारं कुणी नाही.

त्या वेळी विद्यापीठात एक प्रकल्प चालू होता. तिथल्या लोकांनी त्यांच्या कानामागे, कातडीखाली, चिंचोक्याएवढं एक यंत्र बसवलं. यंत्राचं नाव हातभर लांब होतं. घरात त्याला चिंचोकाच म्हणत. चिंचोका दिवसभर नवी कार्डं लिहायचा आणि ती विद्यापीठाच्या खात्यात ठेवायचा, कारण एवढ्याशा जिवात साठवायला जागा नव्हती. रोज झोपेत तो खात्याशी जुळवणी करून घ्यायचा. खात्यात काय आहे आणि काय नाही, ते झोपेतून उठलेल्या माणसाला कळायचं.

जुनी कार्डं पुन्हा लिहायला आठ महिने लागले. फोटो दाखवायचे, नावं घ्यायची, ओळख पटली की कार्ड तयार. सगळ्यात उपयोगी पडल्या त्या वेधशाळेच्या नोंदवह्या. मुरलीधरराव तीस वर्षं कृषी विद्यापीठाच्या हवामान वेधशाळेत निरीक्षक होते. सकाळी सातला एकदा, दुपारी दोनला एकदा. कोरडा पारा, ओल्या मलमलीतला ओला पारा, कमाल, किमान, पाऊस, वारा. रत्नमाला दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून एकेका दिवसाचे आकडे वाचायची आणि ते डोळे मिटून म्हणायचे, हां, त्या दिवशी बाष्पीभवनाच्या टाकीत कावळा पडला होता. अशा अकरा हजार सकाळी तिने वाचल्या. तेवढा कुठला ग्रंथ कुणी वाचला असता तर गावाने पालखीत बसवलं असतं.

मग प्रकल्प संपला. त्याचा मुख्य शास्त्रज्ञ परदेशी गेला, यंत्रांवर आच्छादनं पडली. खातं तेवढं उरलं, आणि खात्याला नियम बाकीच्यांचेच लागू झाले.

संगणक केंद्राच्या प्रमुख तबस्सुम शेख मॅडम रत्नमालाला गेली सहा वर्षं ओळखत होत्या. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, जागा तेवढी देता येईना. अर्ज समितीपुढे जाईल, समिती अठरा तारखेला बसेल, असं त्या म्हणाल्या. आठवणी काढून घरच्या डिस्कवर ठेवल्या तर? रत्नमालाने विचारलं. मॅडमनी मान हलवली. कुणी चोरू नयेत म्हणून त्या फाईली खात्याबाहेर जाताच मरतील अशाच बनवल्या होत्या. देठावरून तोडलेलं फूल पुन्हा झाडावर बसवता येत नाही.

"आधी तुमचा पसारा काढा, ताई," मॅडम म्हणाल्या. "खात्यात 'शुभ सकाळ'ची चार हजार चित्रं आहेत. ती साहेबांच्या आठवणी नाहीत."

ते खरंच होतं. नवऱ्याचं खातं म्हणजे आपलंच, या हिशोबाने तिने त्यात भिशीच्या बायकांचे व्हिडिओ, अनारशाची कृती सहा प्रकारांनी आणि जगातली सगळी गुलाबाची फुलं भरून ठेवली होती. मंगळवार ते शुक्रवार ती पुसत बसली. तीन जीबी निघाले. उरले पंचाण्णव.

शनिवारी सकाळी ती कोचावर फोन घेऊन बसली. शेजारी मुरलीधरराव हरभऱ्याचे घाटे सोलत होते. पडद्यावर ढीग मांडलेले होते, ज्याच्या-त्याच्या नावाचे. आत काय आहे ते घरच्यांनाही दिसत नसे; तारीख आणि आकारमान तेवढं दिसे. वेधशाळा, एक्केचाळीस. रत्नमाला, अडतीस. ऋतुजा, नऊ. इतर, सात. जी गोष्ट माणूस पुन्हा पुन्हा आठवतो तिचं कार्ड जाड होत जातं, असं तिला एकदा सांगितलं होतं. आपला आकडा पाहून ती मनात सुखावली, आणि आपल्यापेक्षा पाऱ्याचा आकडा मोठा पाहून थोडी चिडलीही. छत्तीस वर्षांच्या संसारात सवतीची शंका तिला एकदाच आली होती, ती वेधशाळेतल्या, पारे ठेवलेल्या त्या पांढऱ्या झापांच्या पेटीची.

खाली एक बटण होतं: एकसारख्या फाईली शोधा. तिने दाबलं. क्षणभर चक्र फिरलं आणि उत्तर आलं. वेधशाळा: दहा हजार आठशे बासष्ट फाईली चौऱ्याण्णव टक्क्यांहून अधिक एकसारख्या. काढल्यास चाळीस जीबी मोकळे.

तिने नवऱ्याला विचारलं. न विचारता केलं असं पुढे कुणी म्हणू नये. तुमच्या रोजच्या सकाळी या यंत्राला सारख्याच दिसतात म्हणे, नमुन्याच्या ठेवून बाकीच्या काढू का?

"काढ की," ते घाटा फोडत म्हणाले. "सकाळी काय, उठलो आणि गेलो."

तिने काढल्या. बारा वाजले होते. खातं पंचावन्नवर आलं, आणि तिने आनंदाने हरभऱ्याची उसळ केली. मुरलीधरराव त्या दुपारी झोपले नाहीत, उरलेले घाटे सोलत बसले.

रविवारी मुरलीधरराव सातला उठले नाहीत. निवृत्तीनंतरही ते रोज सातला कुंपणापलीकडच्या वेधशाळेत जात. तिथे आता स्वयंचलित केंद्र होतं, पण जुनी पेटी कुणी हलवली नव्हती आणि त्यांनाही कुणी अडवत नसे. आठ वाजले, नऊ वाजले. मग ते उठून बसले आणि त्यांनी रडवेल्या आवाजात विचारलं, आईला पोचवून आपण किती वाजता परतलो.

आईला जाऊन बावीस वर्षं झाली होती.

रत्नमालाने पाठीवरून हात फिरवला, स्वप्न पडलं असेल म्हणाली. चहा होईपर्यंत ते हसत होते. ऋतुजाला दहावीला किती टक्के पडले ते शेजारी सांगून येतो म्हणाले. कप हातात घेतला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, कारण आई आत्ताच गेली होती. आणि मग त्यांनी रत्नमालाकडे, तिच्या पांढऱ्या केसांकडे, नीट पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहतात तसं, अदबीनं.

"मावशी," ते म्हणाले, "रत्ना कुठं गेलीय?"

तिच्या हातातलं पातेलं ओट्यावर टेकलं तेव्हा आवाज झाला, एवढंच तिला पुढे आठवत होतं.

रविवार असूनही शेख मॅडम घरी आल्या. त्यांनी पडदा वर-खाली केला, जुने कागद वाचले. मग त्यांनी सांगितलं ते असं. आठवणीवर तारखेचा शिक्का नसतो. मेंदू एवढंच लक्षात ठेवतो, की हे त्याच्या नंतरचं आणि त्याच्या आधीचं. निरोगी माणसात हा दोरा आपोआप वळला जातो. मुरलीधररावांचा दोरा दवाखान्यात वळला गेला, आणि तो वळला गेला वह्यांतून. लग्न कधीचं? ओला पारा तेवीसवर होता त्या सकाळनंतरचं. मुलगी कधीची? टाकी गळायला लागली त्या सकाळची. प्रत्येक कार्ड कुठल्या ना कुठल्या सकाळशी बांधलेलं. त्या अकरा हजार सकाळी म्हणजे दोरा होता. रत्नमालाने मणी सगळे ठेवले आणि दोरा फेकला.

ऐकताना तिला वहीचा पुठ्ठा दिसत होता. प्रत्येक वहीवर मुरलीधररावांनी स्वतःच्या हाताने एक नियम लिहिलेला असे: 'वरीलप्रमाणे' लिहू नये. कालचाच आकडा आज आला तरी पूर्ण लिहायचा. खाली दोन टिंबं मारून मोकळं व्हायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती हौसेने लिहायला बसली होती, आणि तीन दिवस एकच आकडा आला म्हणून तिने टिंबं मारली होती. नवऱ्याने रागावण्याऐवजी ते पान तिच्यापुढे ठेवलं होतं. हवा रोज नवी येते रत्ना, आकडा जुना असला तरी. तेव्हा ती हसली होती. छत्तीस वर्षांनी तिने पुन्हा टिंबंच मारली होती, दहा हजार आठशे बासष्ट.

"परत आणता येतील?" तिने विचारलं.

येतील, मॅडम म्हणाल्या. पुसलेलं सात दिवस कचरापेटीत राहतं. शनिवारी दुपारी बारापर्यंत. पण निवडून काढता येत नाही. ज्या गठ्ठ्याने टाकलं त्या गठ्ठ्यानेच उचलायचं. आणि गठ्ठा आहे चाळीसचा. उद्याची मर्यादा यंत्रणेने आजच लावलीय; मोकळी जागा आहे पाच.

मंगळवारी ती औषधं आणायला कोपऱ्यावर गेली, दहा मिनिटांसाठी. परतली तर दार उघडं. चपला जागेवर नव्हत्या. तिने आधी वेधशाळा पाहिली, मग विहीर. विहिरीत वाकून पाहताना ज्याचं नाव कधी घेतलं नव्हतं अशा सगळ्या देवांचं नाव तिने घेतलं. मग कॉलनीच्या बालवाडीकडून गलका ऐकू आला.

फाटकापाशी माणसं जमली होती. मध्ये मुरलीधरराव, एका चार वर्षांच्या पोरीचा हात घट्ट धरून. पोरगी रडत होती. ते तिला समजावत होते, ऋतू, पप्पा आलेत ना, चल घरी. एका माणसाने त्यांची कॉलर पकडली होती. दुसऱ्याने हात उगारला होता. मुरलीधररावांच्या चेहऱ्यावर भय होतं; आपलीच मुलगी आपल्यापासून ही माणसं का ओढतायत तेच त्यांना कळत नव्हतं.

रत्नमाला मध्ये घुसली, पाया पडली, आजार सांगितला. बालवाडीच्या बाईंनी ओळखलं म्हणून निभावलं. घरी येईपर्यंत ते एकच वाक्य बोलत होते: मावशी, माझी मुलगी तिथं राहिली.

त्या दिवसापासून ती दाराला आतून कुलूप लावू लागली. किल्ली तिने परकराच्या नाडीला बांधली. रोज दुपारी त्यांची आई नव्याने मरायची, रोज थोड्या वेळाने ऋतुजा जन्मायची, आणि रोज ते खिडकीशी उभे राहून बावीस वर्षांच्या रत्नाची वाट पाहायचे. बाजारात गेली असेल, ते पांढऱ्या केसांच्या रत्नमालाला सांगायचे, फार बोलते वाटेत, उशीर करते. ती भाजी चिरता चिरता हो म्हणायची. स्वतःचाच मत्सर करायची वेळ जगात फार कमी बायकांवर येत असावी.

बुधवारी ऋतुजाशी बोलणं झालं. ती गाडीत बसतेच म्हणत होती, रत्नमालाने थांबवलं. त्यांच्या लेखी तू चार वर्षांची आहेस, चौतीस वर्षांची बाई पाहून आणखी घाबरतील. मग दोघींनी मिळून गणित केलं. ऋतुजाचे नऊ आणि इतर सात पुसले तरी सोळा. पाच मोकळे. एकवीस. पाहिजेत चाळीस.

उरला एकच ढीग.

"आई, नको," ऋतुजा म्हणाली. "वेळ नाही कळली तरी चालेल पप्पांना. तू कळली पाहिजेस."

"मी कुठे कळतेय आता? मावशी झालेय मी."

"थोडीतरी कळतेस. आत रत्ना हे नाव तरी आहे."

रत्नमालाने फोन ठेवला आणि एक शेवटचा प्रयत्न केला. आपल्या नावाच्या ढिगावर तिने तेच बटण दाबलं. एकसारख्या फाईली शोधा. छत्तीस वर्षं! सकाळचा चहा, दुपारची भाजी, तेच टोमणे, मीठ जास्त झालं, पंखा बंद कर, गॅस पाहिलास का. यात वेगळं काय असणार? निम्मा ढीग तरी सहज निघेल असं तिला वाटलं. चक्र बराच वेळ फिरलं, वेधशाळेच्या वेळी फिरलं त्यापेक्षा कितीतरी जास्त.

एकसारख्या फाईली: शून्य.

ती पडद्याकडे पाहत राहिली. मग पदर तोंडाला लावून तिने मोठ्याने रडून घेतलं. आतल्या खोलीतून मुरलीधररावांनी विचारलं, कोण रडतंय, आई गेली का?

गुरुवारी सकाळी तिने शेख मॅडमना केंद्रात गाठलं. शेजारीण दोन तास घरी बसली होती. मॅडमनी कागदावर मांडून दाखवलं. सकाळी परत आणल्या की खातं होतं पंचाण्णव. साठपर्यंत आणायला पस्तीस काढायचे. ऋतुजाच्या ढिगाला आणि 'इतर'ला, ज्यात त्यांची आई असणार, हात लावायचा नाही हे रत्नमालाने ठरवलं होतं. रत्नमालाच्या अडतीसातून पस्तीस काढले तर तिचे तीन उरतात.

"तीन तरी उरतात," रत्नमाला म्हणाली.

"उरतात. पण मग साठला साठ होतात, ताई." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "खातं भरलेलं. उद्याचा दिवस बसायला जागा नाही."

म्हणजे असं होतं. तिचा थोडा जुना तुकडा ठेवायचा, आणि त्यांना कायमचं चार मार्चला बसवून ठेवायचं. किंवा ती सगळी पुसायची, आणि रोजच्या नव्या दिवसासाठी तीन जीबी मोकळे ठेवायचे. साधारण वर्षभर पुरतील, मॅडम म्हणाल्या. पुढे समिती काय करेल ते करेल. आणि माणसाच्या नावाचा ढीग पुसायला खातेदाराचा स्वतःच्या आवाजातला होकार लागतो.

"ते शुद्धीवर कुठे आहेत होकार द्यायला?"

"नियमात आवाज लिहिलाय," मॅडम खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "शुद्धीचं काही लिहिलेलं नाही."

दुपारी दोनला पाच मिनिटं कमी असताना तिने कुलूप काढलं आणि नवऱ्याला वेधशाळेत नेलं. घरात ते भेदरलेले असत, पण पेटीची झापं उघडली की त्यांचे हात स्वतःहून चालत. ती शहाणी जागा होती. त्यांनी ओल्या पाऱ्याची मलमलची वात चिमटीत धरून पाहिली, वाकून डोळा पाऱ्याच्या रेषेत आणला.

रत्नमालाने फोन समोर धरला. पडद्यावर प्रश्न होता. तिने तो वाचून दाखवला, जमेल तेवढ्या सरळ शब्दांत. तुमच्या सकाळी परत आणायच्या आहेत. त्यासाठी रत्नाची सगळी आठवण पुसावी लागेल. हो किंवा नाही म्हणा.

ते पाऱ्यावरून नजर न काढता ऐकत होते. मग त्यांनी झाप लावलं.

"रत्नाला विचारलंत का?"

तिने फोन खाली घेतला.

"तिला विचारा आधी, मावशी. माझ्या एकट्याचं नाही ते."

वारा पडला होता. वातकुक्कुट पश्चिमेकडे तोंड करून निश्चल उभा होता. रत्नमालाने फोन पुन्हा वर धरला.

"विचारलं मी तिला," ती म्हणाली. "ती हो म्हणालीय."

"रागावून?"

"नाही. विचार करून."

"मग होय," मुरलीधरराव म्हणाले, आणि फोनने तेवढाच एक शब्द उचलून घेतला.

रोज दोनच्या मोजणीनंतर ते घटकाभर झोपत. त्या दिवशी रत्नमालाला त्यांच्या जांभईची भीती वाटली. तिने चहा केला. शेंगदाण्याचे लाडू काढले. पत्त्यांचा डाव मांडला. झोप येईपर्यंत आत कुठेतरी रत्ना होती. बाजारात गेलेली, वाटेत गप्पा मारत उभी राहिलेली, उशीर करणारी. तिच्याबद्दल सांगा ना, रत्नमाला म्हणाली. आणि ते सांगू लागले. रत्नाला उलटा पतंग उडवता येतो. रत्ना भांडताना हिंदी बोलते. रत्नानं एकदा वहीत टिंबं मारली आणि मला हसू आवरेना, पण साहेबासारखं तोंड करून बसलो. हे तिला माहीत नव्हतं. छत्तीस वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग वाक्य अर्धं सोडून त्यांचा डोळा लागला. फोनवर एक हिरवी रेघ हळूहळू पुढे सरकू लागली. ती उठून रेघ थांबवू शकत होती. तिने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर बसली.

पावणेपाचला ते उठले. आधी त्यांनी घड्याळ पाहिलं, मग भिंतीवरचं कॅलेंडर. चार मार्च, गुरुवार, ते स्वतःशी म्हणाले. आई जाऊन या श्रावणात तेवीस वर्षं होतील. ऋतुजाला फोन करायला हवा, नागपूरला ऊन तापलं असेल. आवाज शांत होता. गाठी सगळ्या जागच्या जागी बसल्या होत्या. मग त्यांना कोपऱ्यात बसलेली बाई दिसली, आणि ते सावरून बसले.

"आपण?"

"ऋतुजानं ठेवलंय मला. घर बघायला."

बरं, ते म्हणाले. जेवण इथंच करत जा, संकोच करू नका. मग त्यांच्या कपाळावर आठी आली. जिन्याची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

"ऋतुजाची आई..." ते म्हणाले, आणि पुढचा शब्द शोधत राहिले. डोळ्यांत भीती भरत गेली. "ऋतुजाला आई होती ना?"

"आहे," रत्नमाला म्हणाली. "बाहेर गेल्यात."

"येतील?"

"येतील. उशीर होतो त्यांना."

शुक्रवारी सकाळी सातला पाच कमी असताना ते चपला घालून निघाले. ती वही घेऊन मागे चालली. वेधशाळेच्या फाटकाशी त्यांनी वळून विचारलं, की लिहिता येतं का. शिकवलंत तर येईल, ती म्हणाली. त्यांनी झापं उघडली, वाकले, डोळा रेषेत आणला. किमान सोळा पूर्णांक चार. कालच्या रकान्यातही तेच होतं. काल दुपारी त्यांनी ते लिहिताना तिने स्वतः पाहिलं होतं. तिने पेन टेकवलं आणि सावकाश, पूर्ण लिहिलं. सोळा पूर्णांक चार.

त्यांनी तिच्या खांद्यावरून वहीत डोकावून पाहिलं.

"बरोबर. इथं वरीलप्रमाणे लिहायचं नसतं."

"माहीत आहे," ती बोलून गेली.

ते तिच्याकडे पाहू लागले. "कुणी सांगितलं?"

तुम्हीच म्हणावं, सांगावं सगळं, असं तिला क्षणभर वाटलं. पण त्यांच्या डोळ्यांत नुसतं कुतूहल होतं, नितळ, आणि ते पुन्हा ढवळायची हिंमत तिला झाली नाही.

"पुठ्ठ्यावर लिहिलंय," ती म्हणाली.

जेवण झाल्यावर ते आरामखुर्चीत पेंगले आणि फोन वाजला. वापर सत्तावन्न पूर्णांक शून्य शून्य आठ. एक नवी व्यक्ती आढळली. आकारमान आठ एमबी. या चेहऱ्याला नाव द्या. खाली रिकामी चौकट होती आणि तिच्यात एक उभी रेघ लुकलुकत होती.

तिने 'रत्न' एवढं टाइप केलं आणि थांबली. नाव दिलं की पुढच्या झोपेत ते त्यांच्या आत उतरेल. उठतील तेव्हा त्यांना माहीत असेल, की ही पांढऱ्या केसांची बाई आपली बायको आहे. फक्त माहीत असेल, वहीतल्या आकड्यासारखं, न पाहिलेल्या आकड्यासारखं. ती वरच्या ओळीखाली मारलेली टिंबंच झाली असती. आणि दिलं नाही तर? वर्षभराची जागा होती. आठ-आठ एमबीने ती त्यांच्यात पुन्हा कितपत शिरणार होती, कुणास ठाऊक. कदाचित मोलकरीण म्हणूनच राहिली असती.

तिने अक्षरं पुसली. खाली दुसरं बटण होतं, नंतर. ते दाबलं.

"अहो बाई," दारातून हाक आली. चपला घालून ते उभे होते. "दोन वाजत आले. पारा कुणासाठी थांबत नाही."

"आले," रत्नमाला म्हणाली आणि वही उचलली.